नक्कल नंतर, आधी कान

बाई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वेंगुर्ल्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावात तुम्ही नववी ते बारावीच्या मुलांना मराठी शिकवता. डिसेंबरात स्नेहसंमेलन आहे आणि यंदा त्यातलं नाटक तुमच्याकडे आलंय. ते कळल्यावर वाडीतल्या मंडळानेही 'आमचा जत्रेचा प्रयोग बाईंनीच बसवायचा' म्हणून गळ घातली. हातात सात आठवडे आहेत. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: नाटक कुठलं घेऊ, मुलं वाक्यं पाढे म्हटल्यासारखी म्हणतात त्याचं काय करू, घरी मालवणी बोलणाऱ्या पोरांकडून प्रमाण मराठीचा आग्रह किती धरू, आणि प्रयोगाच्या रात्री मी स्वतः कुठे उभी राहू.

मी बत्तीस वर्षं या भागातल्या शाळा, कॉलेजं आणि वाड्यांच्या मंडळांची नाटकं बसवतो आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण उरलेले तिन्ही त्याच्याच पोटात आहेत.

तरी सुरुवात नाटकाच्या निवडीपासून करू. संहिता शोधायला बसण्याआधी एक कागद घ्या आणि तालमीला येऊ म्हणणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. नावापुढे वाडी, घरी जायची शेवटची एसटी आणि रात्री न्यायला कोण येणार ते लिहा. मंडळाच्या माणसांपुढे त्यांचा धंदा लिहा. भातकापणी लांबली तर दिवाळीपर्यंत अर्धे लोक मळ्यात असतील. बोटीवर जाणारे 1 ऑगस्टपासून समुद्रात आहेत. ते कधी किनाऱ्याला असतील हे त्यांनाही आठवडाभर आधी सांगता येत नाही. ज्यांच्या कलमांच्या बागा आहेत ते मोहोर आला की फवारणीत अडकणार. नाटकाचा खरा आराखडा या कागदावर तयार होतो. ज्याची शेवटची गाडी साडेपाचला आहे त्या मुलाला मुख्य भूमिका दिली, तर तुमची प्रत्येक तालीम साडेपाचला मोडणार.

त्या कागदावरून प्रवेशांचे गट पाडा आणि रोज सगळ्यांना बोलावू नका. दोन तास नुसता कोपऱ्यात बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी येत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते. एका गटाला एक तास, नीट, हे सात आठवड्यांत पुष्कळ होतं. सगळे एकत्र फक्त शनिवारी.

आता किती पात्रांचं नाटक? विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी बांधलेल्या एकांकिका तुमच्या हाती लागतील. तिथे अर्धा तास आणि नऊ कलाकार अशी चौकट असते, म्हणून त्या आटोपशीर, थोड्या पात्रांच्या असतात. स्पर्धेला ते ठीक आहे. तुमच्यासमोर मात्र पस्तीस मुलं उभी आहेत, आणि त्यातली तीस 'पडद्यामागे मदत करा' म्हणून परत पाठवली तर पुढच्या वर्षी ती येणार नाहीत. ज्या नाटकात गाव, बाजार, बंदर, शाळा, मोर्चा असं काही आहे ते घ्या. गर्दीतल्या प्रत्येकाला एक काम द्या: एक मासळीची पाटी घेऊन बसलेली, एक उधारीची वही लिहिणारा, एक सारखा मोबाइलला रेंज शोधणारा. वाक्य नसलं तरी चालेल, पण काम हवं.

लेखकाची परवानगी हा विषय लोक टाळतात. मी टाळत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शाळेला सवलत आहे: प्रयोग विद्यार्थी-शिक्षकांनी केला आणि बघायला विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट संबंध असलेलेच लोक असले तर तो हक्कभंग धरला जात नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगालाही त्याच कलमात जागा आहे. म्हणजे तुमचे दोन्ही प्रयोग बहुधा त्यात बसतील. पण उद्या तेच नाटक तिकीट लावून केलंत किंवा चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकलंत तर ही सवलत संपते. आणि सवलत असली तरी लेखकाला पत्र लिहा, जमेल ते मानधन पाठवा. खेड्यातल्या शाळेचं पत्र आलं की बहुतेक लेखक आनंदाने हो म्हणतात, असा माझा अनुभव आहे. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो; देवल 1916 मध्ये गेले, गडकरी 1919 मध्ये, त्यांची नाटकं आता सगळ्यांची आहेत. जत्रेच्या जाहीर प्रयोगासाठी नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. छापील नाटकाला ते बहुतेक वेळा आधीच मिळालेलं असतं, त्याचा क्रमांक लेखकाकडून मागून घ्या. संहिता तुम्ही स्वतः लिहिणार असाल तर ती आधीच पाठवा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते, बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवशी मिळते. जत्रेची रात्र त्या दिवसांत आहे का, हे मंडळाने पोलीस ठाण्यात विचारून ठेवायला हवं. प्रयोग अर्ध्यावर थांबला तर रडणारी मुलं तुमच्यासमोर असतील.

आता मूळ गोष्ट.

मुलं पाढे म्हटल्यासारखी का बोलतात? आपण त्यांच्या हातात पहिल्याच दिवशी नक्कल, म्हणजे संवादांची लिहिलेली प्रत, देतो म्हणून. मूल काय करतं? आपली वाक्यं लाल पेनाने अधोरेखित करतं आणि तेवढीच पाठ करतं. समोरच्याचं वाक्य त्याच्यासाठी फक्त एक खूण असते, 'हे संपलं की मी सुरू'. ते ऐकत नाही, वाट बघतं. आणि नाटक म्हणजे तर दोन माणसांनी एकमेकांचं ऐकणं.

मी हे फार महागात शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजची एकांकिका मी स्पर्धेसाठी बसवत होतो. अकरावीतला एक मुलगा होता, आवाज खणखणीत, उभं राहणं सुंदर. मी त्याला प्रत्येक वाक्य स्वतः म्हणून दाखवायचो आणि तो हुबेहूब तसंच म्हणायचा. हेल माझा, थांबे माझे, हातवारेसुद्धा माझे. तालमीत सगळे वाहवा करायचे. स्पर्धेच्या दिवशी समोरच्या मुलीने घाबरून पाऊण पान गाळलं आणि पुढचं वाक्य टाकलं. हा गप्प. तिने काय विचारलं ते त्याला समजलंच नव्हतं, कारण त्या दोन महिन्यांत तिचं वाक्य त्याने ऐकलंच नव्हतं. मिनिटभर तो तसाच उभा राहिला. विंगेतून मी वाक्य सांगत होतो, तेही त्याला ऐकू येत नव्हतं. नंतर तो पुन्हा कधी रंगमंचावर चढला नाही. तो दोष माझा होता. मी त्याला माझी वाक्यं दिली, पण समोरच्याचं ऐकायला शिकवलं नाही.

त्यानंतरच्या जत्रेत मी दशावतार बघायला बसलो, तो लहानपणासारखा बसलो नाही. तुमच्या मुलांनी पाळण्यात असल्यापासून दशावतार पाहिलाय. देवळाच्या मंडपात एक बाकडा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज, बस्स. लिखित संहिता नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र करणार ते वाटून होतं, कथेचा रस्ता सांगितला जातो, आणि रात्री ते कलाकार दोन-दोन, तीन-तीन तास बोलतात. कशाच्या जोरावर? एकमेकांचं ऐकण्याच्या. समोरच्या राजाने एक शब्द टाकला की तोच शब्द झेलून राणी त्यावर उत्तर रचते. पखवाजवाला तिच्या श्वासावर लक्ष ठेवून असतो. वाक्य संपायच्या आत थाप पडत नाही आणि संपल्यावर क्षणभरही उशीर होत नाही. ही विद्या आपल्या दारात आहे, आणि आपण मुलांना नक्कल घोकायला लावतो.

म्हणून माझी पद्धत अशी: पहिले दहा दिवस नक्कल द्यायचीच नाही. पहिल्या दिवशी संपूर्ण नाटक तुम्ही वाचून दाखवा, शांतपणे, अभिनय न करता. दुसऱ्या दिवसापासून एकेक प्रवेश घ्या. कोण कोणाकडे काय मागायला आलंय, कोण काय लपवतंय, एवढंच सांगा आणि मुलांना आपापल्या शब्दांत, आपापल्या बोलीत तो प्रसंग करू द्या. पहिले दोन दिवस गोंधळ होईल, हसतील, दोघं एकदम बोलतील. होऊ द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी एखादा प्रसंग अचानक लागतो. तेव्हा खोलीतला आवाज बदलतो, तो तुम्हाला कळेल.

एक उदाहरण सांगतो. मालवण तालुक्यातल्या एका शाळेत आई आणि मुलाचा प्रवेश बसत नव्हता. मुलगा आईला सांगतो की मी यंदा बोटीवर जाणार नाही. साधं वाक्य. पण करणारा पोरगा ते ग्रामसभेत ठराव मांडल्यासारखं म्हणायचा. मी दोघांच्याही नकला काढून घेतल्या आणि शाळेशेजारच्या घरातून एक फाटकं जाळं मागून आणलं, सुई-दोऱ्यासकट. म्हटलं, हे सांधत बसा आणि बोला. पोराचा बाप मासेमारीचाच, त्याचे हात आपोआप चालायला लागले. आई झालेल्या मुलीला ते येत नव्हतं, म्हणून त्याने तिच्या हातात जाळ्याची कड दिली आणि ताणून धरायला सांगितलं. दोन-तीन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग तिने मान वर न करता विचारलं, "मगे काय करतलंस?" त्याने गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि हळूच म्हणाला, "माका जावचा नाय." खिडकीत उभी असलेली पोरं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मी नकला परत दिल्या. संहितेतलं वाक्य प्रमाण मराठीत होतं, ते त्याने त्याच जागी, दोरा तोडल्यावर, तितक्याच हळू आवाजात म्हटलं. जाळं आम्ही प्रयोगापर्यंत ठेवलं.

हातांना खरं काम द्या, एवढंच यातून घ्या. कोकमाची सोलं वाळत घालणं, सुंगटं म्हणजे कोळंबी सोलणं, माडाच्या पानांचं झाप विणणं, आंब्याच्या पेटीत पेंढा भरणं, रेशनकार्डं चाळणं, काहीही. हात कामात गुंतले की मूल 'अभिनय' विसरतं आणि त्याचे कान मोकळे होतात. फक्त काम खरं हवं. रिकाम्या टोपात पळी फिरवायला लावू नका.

दुसरा एक व्यायाम मी रोज तालमीच्या सुरुवातीला घेतो, आणि तो आपल्या मातीतलाच आहे. गाऱ्हाणं. नारळ ठेवून एक जण 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरू करतो आणि प्रत्येक मागणीला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मुलांना हे शिकवावं लागत नाही. मी एवढीच अट घालतो की 'व्हय' एकाच क्षणी निघाला पाहिजे, कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याने मध्येच वाक्य लांबवायचं, मध्येच तोडायचं. पस्तीस जणांना एकत्र 'व्हय' म्हणायचं तर पस्तीस जणांना कान त्या एकावर लावून बसावं लागतं. रोज एका वेगळ्या मुलाला गाऱ्हाणं घालू द्या, मुलींनाही. लाजाळूतला लाजाळू पोरगाही यात बोलतो, कारण देवासमोर बोलायला तो लहानपणापासून सरावलेला असतो. आवाज मोकळा होतो आणि गट बांधला जातो, ही कामं सोबतच होतात.

बोलीचा प्रश्न आता बराचसा सुटलाय, पण नेमकं सांगतो. तालमीत मालवणी अडवू नका. प्रयोगात, नाटक जर आपल्या मुलखातलं असेल, तर पात्रं मालवणीच बोलू देत. लेखकाची परवानगी घेऊन संवाद बोलीत करून घ्या. मच्छिंद्र कांबळींनी गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'चे हजारो प्रयोग करून ही बोली मुंबईच्या व्यावसायिक रंगमंचावर उभी केली, आणि त्या नाटकाचा विषय गावातलं हौशी नाटकच आहे. पण तिथूनच एक सवय लागली की मालवणी म्हणजे विनोदी. मुलं मालवणीत बोलायला लागली की हशा मिळवायला बघतात, हेल वाढवतात. ते थांबवा. या बोलीत माणसं भांडतात, रडतात, कर्जाचा हिशोब करतात, मेलेल्याला हाक मारतात. जाळं सांधणाऱ्या त्या पोराच्या 'माका जावचा नाय'ला कुणी हसलं नव्हतं.

प्रमाण मराठीतलं नाटक असेल तर उच्चारांवर आठवडे घालवू नका. 'न' आणि 'ण' यासाठी मुलाला दहा जणांत पाच वेळा अडवलंत, तर सहाव्या वेळी ते मूल वाक्याकडे बघणार नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघेल. उच्चार एकट्याला बाजूला घेऊन सांगा. भरपूर वेळ द्यायचा तो दुसऱ्याच एका गोष्टीला: वाक्याच्या शेवटाला. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. 'मी तुला पैसे देणार नाही' या वाक्याचा सगळा अर्थ 'नाही'त आहे. आणि नवखा नट नेमका तिथेच श्वास संपवतो, आवाज पाडतो. मागे बसलेल्या माणसाला ऐकू येतं, 'मी तुला पैसे देणार'. त्याला उलटं नाटक दिसतं! मी मुलांना भातकापणी झालेल्या मळ्यात नेतो. एकाला या मेरेवर, म्हणजे बांधावर, उभं करतो, दुसऱ्याला चाळीस पावलांवरच्या मेरेवर. ओरडायचं नाही, गळ्याच्या शिरा दिसता कामा नयेत. फक्त शेवटचं अक्षर पलीकडे पोचलं पाहिजे. पलीकडच्याने काय ऐकलं ते त्याने परत सांगायचं. खाडीवरचा वारा संध्याकाळी उलटा फिरतो तेव्हा हा व्यायाम अवघड होतो, म्हणून मी तो संध्याकाळीच घेतो, कारण जत्रेच्या रात्री वारा, जनरेटर आणि खाजं ही मिठाई विकणाऱ्या खाजेवाल्यांच्या हाका हे तिन्ही असतात. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या फूट माइकवर भिस्त ठेवू नका. तो पावलांचा धडधडाट आधी उचलतो आणि शब्द मागाहून.

हालचाली बसवताना ज्या जागी प्रयोग आहे ती जागा आधी पावलांनी मोजा आणि शाळेच्या मैदानात तेवढाच चौकोन चुन्याने आखा. जत्रेत प्रेक्षक जमिनीवर बसलेले असतात आणि रंगमंच त्यांच्या डोक्याच्या उंचीला. मागच्या पडद्याजवळ जमिनीवर बसलेलं पात्र पहिल्या सात-आठ रांगांना दिसतच नाही. बसायचे प्रसंग पुढे आणा, नाहीतर पाट, पेटारा, बाकडा असं काही द्या. नेपथ्य थोडं ठेवा. भाड्याने आणलेला रंगवलेला राजवाड्याचा पडदा मोह पाडतो, पण खाडीवरचा वारा तो फुग्यासारखा फुगवतो आणि लोक पडदाच बघत राहतात.

आणि दंव. डिसेंबरच्या रात्री दहानंतर इथे पडणारं दंव बाहेरून आलेल्या दिग्दर्शकांना माहीत नसतं. पडदे ओले होऊन जड होतात, सरकत नाहीत. तबला-पखवाजाचं कातडं उतरतं. चिकटवलेल्या मिशा सुटतात. पखवाज प्रयोगापर्यंत कापडात गुंडाळून घरात ठेवायला सांगा, आणि वाजवणाऱ्याला मध्यंतरात पुन्हा सूर लावायला पाच मिनिटं द्या. विजेच्या वायरींचे सांधे जमिनीवर पडू देऊ नका. दवात भिजलेलं गवत, ओले पाय आणि उघडी वायर यांचा मला धाक वाटतो. हे काम मुलांकडे कधीही देऊ नका, जाणता वायरमनच हवा. प्रकाशासाठी दोन बाजूंनी चार दिवे आणि ते हळू कमी-जास्त करणारा एक डोकं असलेला मुलगा, एवढ्यात नाटक दिसतं. रंगीत दिवे भराभर फिरवणारा माणूस असेल तर त्याला नाच-गाण्यांसाठी राखून ठेवा.

मंडळाबद्दल थोडं. गावच्या नाटकात स्त्री भूमिकांसाठी बाहेरून मानधन देऊन नट्या आणायची पद्धत कित्येक मंडळांत अजून आहे. त्या बायका फार कष्टाने, एकेका रात्रीत वेगळं नाटक करून पोट भरतात. त्यांचा मान राखा. पण तुम्ही शिक्षिका आहात, वाडीतल्या सुना-लेकींना तुम्ही विचारू शकता, आणि पुरुष दिग्दर्शकाला जे जमत नाही ते तुम्हाला जमेल. फक्त आधी घरी जा. सासूशी बोला, तिलाच तालमीला बसायचं आमंत्रण द्या. तालमीची वेळ रात्री नऊच्या पुढे जाऊ देऊ नका आणि घरी सोडायची जबाबदारी मंडळाच्या दोन जाणत्या माणसांवर नावानिशी टाका. कपडे बदलायला कडी लागणारी खोली हवी, हे पहिल्याच बैठकीत सांगा. साडी आडवी धरून केलेला आडोसा चालणार नाही. ही अट मान्य नसेल तर नाटक घेऊ नका, इतक्या स्पष्टपणे.

भूमिकांवरून रुसवे होतील. कुणाच्या घरचा मान आहे, कुणी वर्गणी जास्त दिली, कोण मुंबईहून खास येणार आहे. मी भूमिका पहिल्या दहा दिवसांत जाहीरच करत नाही. सगळे सगळ्या भूमिका करून बघतात. दहाव्या दिवशी कुणाला काय शोभतं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, वाद निम्मा होतो. मुंबईकर चाकरमानी जर शेवटच्या चार दिवसांतच येणार असेल, तर त्याला असा प्रवेश द्या ज्यात पात्रही बाहेरगावाहून आलेलं आहे आणि बाकीच्यांना अनोळखी आहे. तालमीतली त्याची गैरहजेरी मग पात्राच्या कामाला येते.

प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून वाक्यं सुचवणारा, ठेवावा का? मंडळाच्या दोन अंकी नाटकाला ठेवा, माणसं दिवसभर राबून आलेली असतात. मुलांना ठेवू नका. त्यापेक्षा रंगीत तालमीच्या आधीच्या आठवड्यात एक खेळ करा: चालू प्रवेशात तुम्ही कुणाच्या तरी कानात सांगा, 'मधली चार वाक्यं गाळ'. बाकीच्यांनी न थांबता प्रवेश पुढे न्यायचा. पहिल्या दिवशी कोलमडतील, तिसऱ्या दिवशी त्यांना यात मजा वाटायला लागेल. एक तालीम दिवे बंद करून, नुसत्या कंदिलावर घ्या. वीज गेली म्हणून थांबलेली नाटकं मी पाहिली आहेत. आणि वीज गेल्यावर कुणीतरी गाडीचे दिवे लावेपर्यंत काळोखात बोलत राहिलेली पोरंही पाहिली आहेत. तेव्हा मंडपात एक माणूस हलला नव्हता.

शेवटचे तीन दिवस नवीन काही सांगू नका, कितीही सुचलं तरी. वहीत लिहून ठेवा.

राहिला तुमचा चौथा प्रश्न, प्रयोगाच्या रात्री कुठे उभं राहायचं. पहिल्या घंटेपर्यंत रंगपटात, म्हणजे रंगभूषेच्या खोलीत, रहा. गाऱ्हाणं घाला, प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवा, सामानाच्या यादीवर एकदा नजर टाका: कुणाच्या घरून काय आणलंय त्याची चिठ्ठी प्रत्येक वस्तूला हवी, म्हणजे रात्रीच परत पोचवता येईल. दुसऱ्या घंटेला विंगेतून बाहेर पडा. विंगेत उभ्या राहिलात तर मुलं समोरच्या पात्राचं ऐकायचं सोडून तुमच्याकडे बघतील, आणि सात आठवड्यांचं काम वाया जाईल. सरळ मंडपाच्या शेवटी जा, जिथे खाजेवाल्यांचे कंदील आहेत, बिड्या ओढत उभी असलेली माणसं आहेत, झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेल्या बाया आहेत. तिथे उभ्या राहून पहिला प्रवेश डोळे मिटून ऐका. वाक्यांचे शेवट तिथपर्यंत येतात का बघा. येत नसतील तर मध्यंतरात एवढंच सांगा, 'मळ्यातली पलीकडची मेर आठवा', दुसरं काही नाही. येत असतील तर डोळे उघडा आणि गावासोबत नाटक बघा.